आंभोऱ्याचा आद्यकवी आणि मराठीचे उच्चार

नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, आंभोरा नावाचे गाव आहे. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या येथे एकत्र येतात, अशी या स्थानाची ख्याती आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देवालय आहे आणि हरिनाथ नावाच्या सिद्धपुरुषाची समाधी आहे. महाशिवरात्रीला येथे गर्दी लोटते. या गर्दीतील बहुतेकांना ठाऊक असते की, हरिनाथांच्या परंपरेतील मुकुंदराज नावाच्या कवीने याच परिसरात 'विवेकसिंधु' रचला, आणि तो मराठीतील पहिला ग्रंथ होय. ही श्रद्धा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा प्रश्न विद्वानांमध्ये दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. परंतु वाद बाजूला ठेवला तरी एक विसंगती उरतेच. ज्या मुलखात मराठीचा पहिला ग्रंथकार जन्मास आला असे मानले जाते, त्याच मुलखातील आजचा मुलगा पुण्या-मुंबईत तोंड उघडतो तेव्हा त्याची मराठी अशुद्ध ठरते.

मुकुंदराजांच्या चरित्राची सामग्री अत्यंत तोकडी आहे. जन्मतिथी नाही, आईवडिलांची नावे नाहीत, घरदार नाही. आदिनाथापासून निघणारी नाथपरंपरा, तीत हरिनाथ, हरिनाथांच्या शिष्यशाखेत मुकुंदराज, एवढे सांगता येते. ग्रंथात शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा काल दिलेला आहे. हा काल ग्राह्य धरला तर विवेकसिंधु ज्ञानेश्वरीच्या एकशेदोन वर्षे आधीचा ठरतो आणि मुकुंदराजांना आद्यकवी ही पदवी मिळते. 'परमामृत' हा दुसरा छोटा ग्रंथही त्यांच्याच नावावर आहे. त्यांची समाधी मराठवाड्यात, आंबेजोगाईस दाखवितात. ज्याच्याविषयी इतके थोडे ठाऊक आहे, त्याच्याविषयी त्याच्या भाषेखेरीज दुसरे काय बोलणार? त्यांचे खरे चरित्र त्यांनी केलेल्या एका निवडीत आहे. ते वेदान्त जाणत होते, संस्कृत जाणत होते, आणि तरीही त्यांनी मराठीत लिहिले.

आज ही निवड साधी वाटते. बाराव्या शतकात ती साधी नव्हती. कोणी कोणत्या भाषेत बोलावे हे त्या काळच्या सुशिक्षित जगात पूर्वीच ठरून गेले होते आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा संस्कृत नाटकात सापडतो. राजा संस्कृत बोलतो. राणी, तिच्या सख्या आणि ब्राह्मण असूनही विदूषक हे शौरसेनी प्राकृतात बोलतात. शाकुंतलातील अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो, आणि त्याच्या तोंडच्या 'स'चा 'श' झालेला ऐकताच प्रेक्षकाला त्याची पायरी कळते. रंगभूमीवर पात्राचा वेष दिसण्यापूर्वी त्याच्या उच्चारावरून त्याचे कुळ ओळखावे, अशी ही व्यवस्था होती. मराठी नाटकांनी आणि चित्रपटांनी पुढे नायकाला पुणेरी आणि गड्याला गावंढळ बोली दिली, तेव्हा त्यांनी काही नवा शोध लावला नव्हता.

मराठी तेव्हा लिहिली जात नव्हती असे नाही. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा आहे. परंतु मराठीकडे कोणते काम सोपविले जाई, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत परळ येथे शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा लेख सापडला. दानाचा सर्व मजकूर त्यात संस्कृतात आहे. शेवटी हे दान कोणी मोडील तर त्याला घालावयाची गाढवाची शिवी तेवढी मराठीत आहे. पुण्यकर्माची भाषा एक आणि शिवीची भाषा दुसरी. शिवी लोकांना कळली पाहिजे, दानाचे कायदेशीर कलम न कळले तरी चालेल, हा त्यामागचा व्यवहारी विचार असावा. या लेखानंतर जेमतेम वर्षभराने, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, शिवीच्या या भाषेत मुकुंदराज ब्रह्मविद्या सांगू लागले. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवल्या म्हणजे मुकुंदराजांचे धाडस किती मोठे होते हे ध्यानात येते.

आपण काय करीत आहोत याची त्यांना पूर्ण जाणीव होती. ग्रंथारंभीच त्यांनी भाषेविषयी आपली बाजू मांडली आहे. शंकराचार्यांच्या वचनांच्या आधाराने आपण मराठी वाणीत बोलत आहोत, हे त्यांनी लपविले नाही. वेदशास्त्रांचे सार मराठीत हाती येत असेल तर शहाण्याने ते का घेऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. धुळीत पडलेले रत्न धुळीत पडले म्हणून कोणी टाकून देत नाही, हा त्यांचा दृष्टान्त आहे. यातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मराठीला धूळ म्हणणारे लोक त्यांच्या समोर बसलेले होते. ज्या भाषेला कोणी हिणवीत नाही तिच्यासाठी असा युक्तिवाद करावा लागत नाही. शिवाय या दृष्टान्तात मराठी धूळच राहते; रत्न असते ते तीत दडलेले तत्त्वज्ञान. ज्ञानेश्वरांनी शंभर वर्षांनंतर मराठीच्या गोडव्याचाच अभिमान मिरविला, तेवढी मजल मुकुंदराजांनी मारलेली नाही. त्यांच्या सुरात थोडा संकोच आहे, थोडा हट्ट आहे. बोली बोलणाऱ्या आणि शिकलेल्या माणसाचा तो सूर आजही कुठल्याही कचेरीत ऐकू येतो.

ग्रंथ मात्र संकोचाचा नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून अठरा प्रकरणांत गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने जीव, जगत् आणि ब्रह्म यांचा विचार त्यांनी पायरीपायरीने मांडला आहे. सृष्टीची उत्पत्ती, पंचमहाभूते, देह आणि देहापलीकडचा साक्षी, महावाक्यांचा अर्थ, योग आणि उपासना असा त्याचा विस्तार. काव्य म्हणून तो ज्ञानेश्वरीच्या जवळपासही जात नाही, हे मान्य केले पाहिजे. ती एका चांगल्या शिक्षकाची वही आहे. कठीण संज्ञा आली की ती उलगडून सांगावयाची, शिष्याला शंका विचारू द्यावयाची, मग पुढे जावयाचे. मराठीत शास्त्रीय विषय शिकविता येत नाही असे आजही म्हटले जाते. आठशे वर्षांपूर्वी वेदान्तासारखा विषय या माणसाने शिकवून दाखविला होता.

हा ग्रंथ कोणासाठी लिहिला? परंपरा सांगते की, जयत्पाळ नावाच्या राजासाठी. जैतपाळाची आख्यायिका महाराष्ट्रात आणि मध्यप्रदेशातील बैतूलकडे, खेरल्याच्या किल्ल्याभोवती, अजून सांगितली जाते. या राजाला ब्रह्म पाहावयाचे होते, आणि तेही रिकिबीत पाय ठेवल्यापासून घोड्यावर मांड घालीपर्यंतच्या वेळात. साधू आले, शास्त्री आले, पंडित आले. सर्वांनी वचने सांगितली. अनुभव कोणालाच देता आला नाही. राजाने त्या सर्वांना पकडून खणण्याच्या कामावर लावले. मग मुकुंदराज आले, त्यांनी बंदिवानांना सोडविले आणि राजाला रिकिबीतच समाधी लावून दिली. कथा म्हणून हे सर्व ठीक आहे. इतिहास म्हणून त्यावर भार टाकता येणार नाही. खेरल्याच्या राजघराण्याचा ठसठशीत इतिहास मिळतो तो नरसिंगरायाचा, आणि तो बहामनी काळातला, पंधराव्या शतकाच्या आरंभीचा. तरीही आख्यायिकेने एक मर्म पकडले आहे. लोकभाषेतील ग्रंथ हे स्त्रिया आणि शूद्र यांच्यासाठी, अधिकार नसलेल्यांच्या सोयीसाठी असतात, अशी समजूत रूढ आहे. येथे मराठी ग्रंथाची गरज आहे ती राजाला. सिंहासनावर बसणाऱ्यालाही पंडितांची भाषा परकी होती, एवढे या कथेने नकळत कबूल करून टाकले आहे.

आता स्थानाच्या वादाकडे वळावे लागेल, कारण बोलीचा प्रश्न तेथेच खऱ्या अर्थाने पुढे येतो. ग्रंथात अंबानगरीचा निर्देश आहे. आंभोऱ्याकडील मंडळी तिच्याजवळची नदी वैनगंगा अशी वाचतात, आंबेजोगाईकडील मंडळी बाणगंगा असे वाचतात. एका बाजूला गुरूची समाधी आहे, दुसऱ्या बाजूला शिष्याची. खेरल्याचा तिसरा दावा आहेच. अशा वेळी ग्रंथाच्या भाषेने निकाल द्यावा अशी अपेक्षा स्वाभाविक आहे: कवीच्या शब्दांत वऱ्हाडी-नागपुरी वळण आढळले तर तो वैनगंगेचा, मराठवाडी वळण आढळले तर तो आंबेजोगाईचा. परंतु भाषा साक्ष देत नाही. उपलब्ध विवेकसिंधूची मराठी ज्ञानेश्वरीपेक्षा जुनी तर वाटत नाहीच, उलट कितीतरी अलीकडची वाटते. म्हणूनच काही अभ्यासकांनी ग्रंथाच्या शकावरही शंका घेतली. या नवेपणाचे एक कारण साधे आहे. हा ग्रंथ पेटीत कुलूपबंद राहिला नाही. तो संप्रदायात वाचला गेला, पाठ केला गेला, पुन्हा पुन्हा उतरवून घेतला गेला, आणि प्रत्येक लेखकाने अडखळवणारा जुना शब्द काढून आपल्या तोंडातला शब्द घातला. ज्ञानेश्वरीचेही तेच झाले होते; म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली. विवेकसिंधूला एकनाथ भेटला नाही.

याचा अर्थ असा की, मराठीच्या तथाकथित पहिल्या कवीच्या तोंडी 'पाणी' होते की 'पानी' होते, हे कधीच कळणार नाही.

आणि नेमका हाच 'ण' कुहीच्या शाळेत आज मुलाला आडवा येतो. कुही तालुका भाषेच्या दृष्टीने सीमेवरचा आहे. पश्चिमेला नागपुरी, पूर्वेला वैनगंगा ओलांडताच धानाचा मुलूख आणि त्याची झाडीबोली. येथे 'पाणी'चे 'पानी' होते, 'लोणी'चे 'लोनी' होते, 'जवळ' हा शब्द 'जवर' असा ऐकू येतो. 'मला' नव्हे, 'मले'. 'का' नव्हे, 'काऊन'. काम चालू आहे हे सांगावयाचे तर ते 'करून राहिलो' असे सांगतात, आणि पुण्याचा श्रोता यावर हिंदीची छाप आहे म्हणून हसतो. शब्दांची गोष्ट त्याहून वेगळी आहे. येथील शेतात धान पिकते. भात ताटात असतो. धान बांधीत लावतात, त्याच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, लावणीला रोवणी म्हणतात, शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. क्रमिक पुस्तकातला शेतकरी मात्र खाचरात भाताची रोपे लावतो. जो मुलगा आषाढात स्वतः चिखलात उभा राहून पऱ्हे उपटतो, त्याला आपल्याच कामाची नावे परीक्षेपुरती पाठ करावी लागतात. आणि पुस्तकातला शब्द खरा व आपल्या आईचा शब्द खोटा, ही समजूत तो शाळेतूनच घरी नेतो.

प्रमाण मराठी कशी घडली याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. मोल्सवर्थचा कोश मुंबई इलाख्यात, ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने तयार झाला आणि १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. पुण्याच्या शिष्टांची भाषा हाच नमुना धरून शाळांची पुस्तके निघाली. त्या वेळी नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते आणि ते १८५३ पर्यंत टिकले. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि हिंदी-मराठी असा द्विभाषिक संसार सुरू झाला. प्रमाणभाषेची बैठक भरली तेव्हा नागपूर त्या खोलीतच नव्हते. १९६० मध्ये नागपूर महाराष्ट्रात आले, ते तयार झालेली भाषा स्वीकारण्यासाठी. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची नोंद मराठीचे स्वतंत्र रूप म्हणून केली होती. परक्या सरकारी अधिकाऱ्याने जे रूप म्हणून नोंदविले, त्याला स्वकीयांनी दोष म्हणून नोंदविले.

यात एक गंमतही आहे. संस्कृत काव्यशास्त्रात उत्तम शैलीचे नाव वैदर्भी होते. दण्डीने गौडी शैलीपेक्षा वैदर्भीला वरचे स्थान दिले, आणि प्राकृतांमध्ये महाराष्ट्रातील प्राकृताला. शुद्ध आणि सुंदर बोलण्याचा मान ज्या प्रदेशाच्या नावाने दिला जात असे, त्याच प्रदेशाला मध्यंतरी काही शतकांत बोलता येईनासे झाले, असे समजावयाचे काय? बदलले ते राजधानीचे ठिकाण. पैठण, देवगिरी, पुणे, मुंबई अशी सत्ता सरकत गेली आणि प्रतिष्ठेचा उच्चार तिच्यामागून सरकत गेला.

ध्वनीत स्वतःची अशी प्रतिष्ठा नसते. 'ळ' चेच उदाहरण घ्यावे. 'ळ' न येणारा माणूस महाराष्ट्रात गावंढळ ठरतो. परंतु हा वर्ण ऋग्वेदात आहे आणि कालिदासाच्या संस्कृतात नाही. प्रमाण हिंदीतही तो नाही. म्हणून कालिदास अशुद्ध ठरला नाही, आणि दिल्लीच्या दूरदर्शनवर 'ळ' ऐवजी 'ल' म्हणणारा निवेदक कोणाला अडाणी वाटत नाही. तोच उच्चार कुहीच्या मजुराने केला की त्याचे गाव, शिक्षण आणि बहुधा जातही श्रोत्याच्या मनात एका क्षणात ठरून जाते. कान ध्वनी ऐकतो, मन मात्र माणसाची प्रतवारी करते. मुलाखतीच्या खोलीत हे घडते, लग्नाच्या बैठकीत घडते, न्यायालयाच्या पायरीवर घडते. त्यातून माणूस दोनपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर तो गप्प बसतो. नाही तर बाहेर एक तोंड आणि घरात एक तोंड असे दुहेरी जगू लागतो, आणि गावाहून आलेल्या बापाने साहेबासमोर बोलू नये असे त्याला वाटू लागते. दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक क्लेशकारक आहे.

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दच मुळात सोवळ्याओवळ्याचे आहेत. व्याकरणात ते कोठून आले याचा शोध घेण्यासारखा आहे. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि शासनाने ते १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात भर पडली. हे नियम लेखनाचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे आहेत. तोंडाने कसे बोलावे याविषयीचे नियम ते नव्हेत. वर्गात मात्र लेखनाचा नियम उच्चारावर आणि उच्चाराचा नियम मुलाच्या लायकीवर कधी जाऊन बसतो, हे शिक्षकालाही कळत नाही.

यावरून प्रमाणभाषाच नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. सातबारा, न्यायालयाचा निकाल, औषधाच्या बाटलीवरील सूचना, विद्यापीठाची पदवी या गोष्टी एका रूपात असाव्या लागतात. गडचिरोलीचा अर्ज मंत्रालयातील कारकुनाला कळला पाहिजे. कुहीच्या मुलाला हे रूप शिकविले नाही तर त्याचे नुकसान होईल, आणि ते नुकसान करणारे पुण्याचे नसून बोलीच्या अभिमानाने भारलेले त्याचे हितचिंतक असतील. प्रश्न शिकविण्याच्या रीतीचा आहे. 'पानी' चूक आहे असे सांगणे वेगळे; घरी 'पानी' म्हणतात, पत्रात 'पाणी' लिहितात असे सांगणे वेगळे. पहिल्या वाक्याने मुलाची आई चूक ठरते. दुसऱ्याने मुलाला एकाच्या जागी दोन भाषा मिळतात. मुकुंदराजांनाही दोन भाषा येत होत्या. संस्कृत येत होते म्हणून त्यांनी मराठी टाकली नाही, आणि मराठीत लिहिले म्हणून शंकराचार्यांना सोडले नाही.

विदर्भाच्या मातीत हा विचार एकट्या मुकुंदराजांचा नाही. शंभर वर्षांच्या आतच रिद्धपूरच्या महानुभाव मंडळींपुढे तोच पेच उभा राहिला. केशिराजबास संस्कृतचे गाढे पंडित होते आणि संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जासाठी भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करावे लागते, आणि प्राचीन मराठी ग्रंथांची नावे घेताना विवेकसिंधु आणि लीळाचरित्र यांना वगळून चालत नाही. मराठीची वंशावळ वैनगंगेच्या आणि वर्धेच्या काठापर्यंत मागे नेली जाते. त्या काठावर राहणाऱ्यांचे उच्चार मात्र वंशावळीत धरले जात नाहीत.

आंभोऱ्याच्या नदीपात्रात गोसेखुर्दच्या धरणाचे पाणी आता मागे चढते. त्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि कुही तालुक्यातील अनेक गावांना आपली जुनी जागा सोडावी लागली. गावे उठली तशी बांध्यांची आणि बोड्यांची नावेही उठली; ती कोणत्याही कोशात नव्हती. टेकडीवरची हरिनाथांची समाधी आपल्या जागी आहे. शिष्याची समाधी आंबेजोगाईला, राजाचा किल्ला बैतूलला. तिन्ही ठिकाणची बोली वेगळी, आणि विवेकसिंधूची ओवी तिन्ही ठिकाणचा माणूस आपापल्या तोंडानेच म्हणणार.